नामशेष झालेले धोंडिबातात्या

गुडघ्याएवढी भिंत, वर छप्पर नाही, आत नुसतं वाळलेलं गवत. तरी धोंडिबातात्या त्या खोपीत शिरताना मान खाली घालायचे. दगडांच्या गोलात जिथं कधीकाळी दार होतं, त्याच फटीतून जायचे आणि नसलेली चौकट डोक्याला लागू नये म्हणून वाकायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या पुरातत्त्वाच्या मॅडम हातात टेप घेऊन तीच भिंत ओलांडत होत्या. तात्यांनी काठी आडवी धरली. "बाई, भिंतीतून कावून येता? दार हाय की." एवढ्या शिकलेल्या मॅडम, पण ओशाळल्या. मागं फिरल्या, वळसा घालून दारातून आत आल्या. तेव्हा कुठं तात्या म्हणाले, "बसा."

घाटनांदूरच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरावरच्या त्या खोप्यांचे नकाशे काढायला मॅडमनी मला नेलं होतं. पूर्वी खालच्या विहिरी आटल्या की धनगर मंडळी शेळ्यामेंढ्या घेऊन वर यायची. वर झऱ्याला पाणी टिकायचं, पवन्याचं वाळलेलं गवत असायचं. दोन-अडीच महिने खोपीत राहून पाऊस पडला की खाली. तिथं असे सतरा गोल आम्ही मोजले. तात्यांचा जन्म त्यातल्या पाचव्या गोलातला. नकाशात तो 'रचना क्रमांक पाच' होता.

रचना क्रमांक पाचमध्ये एक खळग्याचा दगड सापडला. तो पूजेचा असावा, असं मॅडमना वाटलं. तात्या खो खो हसले. "त्याच्यात माझी माय मिरच्या वाटायची. पूजा कशाची? डोळ्याला पाणी यायचं सगळ्यांच्या." मॅडमनी वहीत 'पूजा' खोडून 'मिरची' लिहिलं. आणखी खाली खणल्यावर दुसऱ्या चुलीचा कोळसा लागला. त्याची तपासणी होऊन आली, तर तो कित्येक शतकं जुना निघाला. मला वाटलं, आता तात्या गप्प बसतील. ते म्हणाले, "असंल की. वरली चूल मायची. खालची तिच्या सासूच्या सासूची. चूल काय कुनी रोज नवी जागा बघून मांडतं व्हय?"

मॅडमनी अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य मी तात्यांना वाचून दाखवलं : 'या वस्त्या करणारे पशुपालक लोक कालांतराने नामशेष झाले असावेत.'

"नामशेष म्हंजी?"

"संपले. उरले नाहीत."

तात्यांनी आधी स्वतःकडं पाहिलं, मग आपल्या वीस शेळ्यांकडं. "मग आमी कोन हाव, मास्तर?"

मी तो प्रश्न मॅडमपर्यंत नेला. पण अहवाल पुढं गेला होता. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरावर तारेची जाळी आली. फाटकावर पाटी लागली : 'प्राचीन पशुपालकांची वस्ती. येथे जनावरे चारण्यास सक्त मनाई आहे.' झरा जाळीच्या आत गेला.

ती पाटी मीच रंगवली होती. तात्यांना वाचता येत नव्हतं, तेव्हा वाचूनही मीच दाखवली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "अक्षर लई चांगलं हाय, मास्तर. पर लिवलंय वाईट." त्या दिवशी ते शेळ्या घेऊन जाळीभोवती तीन वेढे फिरले आणि तहानलेली जनावरं घेऊन खाली उतरले. तहसीलला अर्ज दिला, तर तिथल्या कारकुनानं डोंगरावर राहत असल्याचा रहिवासी दाखला मागितला. घर नंबर विचारला. तात्यांनी सांगितला : पाच. तो चालला नाही.

पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर वरच्या कार्यालयातून पाहणीला साहेब आले. आत शेळ्या नाहीत म्हटल्यावर गवत कमरेएवढं, त्यात बोरीचं रान माजलेलं. अर्धा तास आम्ही सगळे शोधत होतो. मी नकाशा उलटासुलटा करून पाहिला, मॅडम घामाघूम झाल्या. शेवटी साहेब दमून एका दगडावर टेकले आणि चिडून म्हणाले, "वस्ती आहे कुठं?"

जाळीपलीकडून तात्यांचा आवाज आला. "सायेब, तुमी चुलीवर बसलाव."

साहेब ताडकन उठले.

"शेळ्या सोडा आत. आठ दिसांत दिसंल."

दुसरा उपाय कुणाकडंच नव्हता. मॅडमनी तिथंच उभ्यानं शिफारस लिहिली, महिन्याभरानं मंजुरी आली. 'स्मारक परिसरातील जैविक तणनियंत्रण' असं त्या कामाचं नाव होतं. मात्र कार्यालयात छापील नमुना मजुरांचाच होता, म्हणून शेळ्यांची नावं भरावी लागली. काळी, चांदी, लंगडी, बाईसाहेब... तात्या सांगत गेले, मी लिहीत गेलो. प्रत्येक नावापुढं अंगठा हवा होता. तात्यांनी वीस वेळा आपला अंगठा उठवला. शेवटी शाईचं बोट धोतराला पुसत म्हणाले, "बोकडाचं राहिलं. त्यो ऐकत न्हाई कुनाचं."

त्या आठवड्यात शेळ्यांनी सतरा गोल उघडे केले. मॅडमच्या हाती न लागलेला अठरावाही निघाला.

शेळ्या आत गेल्या, पण माणसाला आत मुक्काम करायची परवानगी नव्हतीच. पुढच्या चैत्रात, सुनेचं न ऐकता, तात्या बिऱ्हाड घेऊन वर गेले. जाळीच्या बाहेर, पन्नास पावलांवर, नवे दगड गोळा करून त्यांनी खोपी रचली. जुन्या गोलातला एक दगड उचलला नाही. मी भेटायला गेलो तर खोकत होते, पण चेहरा खुश. "झोप चांगली लागती हितं," एवढंच बोलले. मृगात खाली आले आणि श्रावणात, गावातल्या घरी, वारले.

दिवाळीनंतर मॅडम आल्या. आम्ही वर गेलो. जाळीच्या बाहेर त्यांना तो दगडांचा गोल दिसला, आत चुलीचे काळे पडलेले तीन दगड. त्या लगेच टेप काढून गुडघ्यावर बसल्या.

"मॅडम, हे यंदाच्या चैत्रातलं आहे. तात्यांचं."

त्या थांबल्या. त्यांनी चुलीच्या दगडावर हात ठेवला. मग टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन मापं घेतली. लांबी, रुंदी, भिंतीची उंची. काळाच्या रकान्याशी पेन अडलं, आणि त्यांनी लिहिलं : 'चालू'.

तेवढ्यात मागून तात्यांची सून ओरडली, "मास्तर, सरा बाजूला. शेळ्यांना पान्यावर जायचंय."

आम्ही वही मिटली आणि वाट दिली.