ओगल्यांच्या घरची बारीक डाळ

लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीत दिनकर ओगल्यांना ओळखत नाही असं घर नाही, आणि त्यांनी गळ्यात मारलेली एखादी पौष्टिक वस्तू माळ्यावर पडलेली नाही असंही घर नाही. होळीचा रंग अंगावरून उतरायच्या आत त्यांचा वसंत सुरू होतो. एका वर्षी तांब्याची बाटली झाली, दुसऱ्या वर्षी तेल फवारायची बाटली, मग घरात गव्हांकुर उगवायचे ट्रे, मग शेवग्याच्या पानांची भुकटी. आधी सेक्टरच्या ग्रुपवर फोटो येतो, त्याखाली बारा ओळींचं गुणवर्णन येतं आणि दोन दिवसांनी ओगले स्वतः दारात उभे राहतात. "भाईसाहब, शुरू किया?" हो म्हणून सुटका नाही, कारण पुढचा प्रश्न 'कितना फर्क पड़ा' हा असतो. कुणाची शुगर किती, कुणाला गॅस होतो, कुणाचं कोलेस्टेरॉल कुठवर चढलं, सगळं त्यांना तोंडपाठ.

माणूस मात्र निरुपद्रवी. तीस वर्षं एका संशोधन संस्थेत बियाणांचे नमुने दळून त्यांची पूड करण्यात गेली. जितकी बारीक पूड तितकी तपासणी अचूक, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. निवृत्त झाल्यावर दळायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांच्या तब्येती हाती घेतल्या.

त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई हे सगळं गोडीगुलाबीने चालवून घेत. सकाळी सत्तू पीत, बिनसाखरेचं बेलाचं सरबत घशाखाली उतरवत, शेवग्याच्या फुलांची भाजी तर आवडीने करत. अट एकच होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओगल्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आंबेडाळीत आणि पन्ह्यात त्यांचं पौष्टिक काही पडायचं नाही.

हे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शुक्रवारी असे. त्याआधी लखनौत बोटाच्या पेराएवढ्या बाळकैऱ्या, इथल्या भाषेत टिकोरे, तेवढ्याच मिळतात, कैरी म्हणावी अशी कैरी तेव्हाच बाजारात येते. एके काळी तीस-तीस मराठी बायका यायच्या. मग कुणाची बदली झाली, कुणी मुलांकडे पुण्याला गेलं, कुणी बंगळुरूला. आता उरल्या चारच. बाकी सगळ्या सेक्टरमधल्या शेजारणी.

यंदा पंधरा दिवस आधी चंद्रप्रभाबाई स्टुलावरून पडल्या आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. स्टुलावर का चढल्या होत्या? माळ्यावरचे गव्हांकुरांचे ट्रे काढायला. ही गोष्ट ओगले कुणाला आपणहून सांगत नाहीत.

"या वर्षी राहू दे मग," ते म्हणाले.

"एकदा राहिलं की राहिलंच," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "चार बायकांसाठी पुढच्या वर्षी कोण एवढा घाट घालेल? मीसुद्धा नाही घालणार, मला ठाऊक आहे. यंदा चुकलं की संपलं बघा."

बायकोच्या आवाजात तक्रार असती तर ओगल्यांना उत्तर सुचलं असतं. तक्रार नव्हती, नुसता हिशेब मिटल्यासारखा सूर होता.

"मी करतो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"तू सांग, मी करतो. माझ्या पदरचं चिमूटभरही घालणार नाही. शब्द देतो."

शुक्रवारी सकाळी दहाला दीड किलो हरभऱ्याची डाळ भिजली. गूळ पुरेपूर घालून पन्हं झालं. गूळ घालताना ओगल्यांच्या डोळ्यांसमोर निदान सहा जणींचे शुगरचे रिपोर्ट तरळून गेले असतील, पण माणूस शब्दाला जागला. मिरच्या मोजून घेतल्या, कैऱ्या किसल्या. गौर सजवायला शेजारची पूर्वा आली होती. पूर्वा बँकेत नोकरीला, आईवडील नागपूरचे, पण तिचा जन्म लखनौचा. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

चंद्रप्रभाबाई बाहेरूनच सूचना देत होत्या. "डाळ जाडसर वाटा हं."

"हो, हो."

दुपारी तीनला मिक्सर सुरू झाला. ओगल्यांनी पहिला घाणा बोटांवर घासून पाहिला. खरखरीत लागला. तीस वर्षांची सवय, हात आपोआप पुन्हा बटणाकडे गेला. दुसऱ्यांदाही कण लागले, म्हणून पुन्हा फिरवलं. मग सगळे घाणे सारखे हवेत म्हणून प्रत्येक घाणा तेवढाच वेळ, घड्याळ लावून. साडेतीनला ते मोठं पातेलं घेऊन अभिमानाने बाहेर आले.

चंद्रप्रभाबाईंनी डाव्या हाताने डाळ उचलली. बोटांवरून ती ओघळली.

"हे काय केलंत?"

"का? एकसारखी झाली आहे. एक कण सापडायचा नाही."

"अहो, कण सापडायलाच हवा. ही आंबेडाळ आहे, लेप नाही."

पूर्वाने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, ये तो फेशियल हो जाएगा सबका."

ओगले पातेल्याकडे बघत उभे राहिले. नवी डाळ भिजायला चार तास हवेत आणि बायका साडेपाचला येणार. आपण शब्द अक्षरशः पाळला आणि तरी बायकोचा दिवस घालवला, हे त्यांना हळूहळू उमगत होतं. "मी सगळ्यांना फोन करून सांगतो, तब्येतीचं कारण..."

"थांबा." चंद्रप्रभाबाई जरा वेळ गौरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठी कढई काढा. गणपतीत करतो तशी वाटली डाळ होईल हिची. हिंग-मोहरीची फोडणी द्या, परता, आणि कैरीचा कीस वरून घाला. चैत्रात केलेली नाही कधी. पण टाकून तर देता येत नाही."

तासभर ओगले डाळ परतत होते. फवारणीच्या बाटलीने तेल घालू का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, यावरून त्यांची मनःस्थिती कळावी.

साडेपाचला बायका आल्या. सरोजिनी नगरहून लीलावतीबाई ऑटो करून आल्या, वय अठ्ठ्याहत्तर, एकदाही न चुकलेल्या. मग निगम भाभी आणि सेक्टरमधल्या दहाएक जणी. पूर्वाने हळदीकुंकू लावलं, पन्हं फिरलं, वाट्या हातात पडल्या. चंद्रप्रभाबाई माफी मागण्याच्या तयारीतच बसल्या होत्या.

निगम भाभींनी एक घास घेतला, मग दुसरा. मग वाटी संपवूनच बोलल्या. "भाभीजी, इस बार आपने पका दी."

"हाँ, वो हाथ की वजह से..."

"नहीं नहीं, बहुत अच्छा किया. हर साल हमें ही पकानी पड़ती थी."

चंद्रप्रभाबाईंना नीट कळलं नाही. "मतलब?"

निगम भाभींनी शेजारणींकडे पाहिलं. शेजारणींनी आपापल्या वाटीत पाहिलं. "अब क्या छुपाना. आप डिब्बे में देती थीं ना, हम घर जाकर छौंक देते थे. हींग, राई, हरी मिर्च. कच्ची दाल हमसे नहीं खाई जाती, भाभीजी."

"हम तो चीला बना लेते थे," मागून कुणीतरी हळूच धिरड्यांची कबुली दिली.

"कब से?"

"मैं तो बारह साल से."

बारा वर्षं चंद्रप्रभाबाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या की आमची आंबेडाळ लखनौच्या बायकांना एवढी आवडते की डबा भरून नेतात. फोनवर पुण्याच्या नणंदेलाही सांगत आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. ओगले स्वयंपाकघराच्या दारात कालथा घेऊन उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांना कुणाच्याही तब्येतीबद्दल काही विचारावंसं वाटत नव्हतं.

"तरी दरवर्षी येता?" चंद्रप्रभाबाईंनी मराठीतच विचारलं. त्या हादरल्या की हिंदी विसरतात.

पूर्वाने हिंदीत करून सांगितलं. निगम भाभी म्हणाल्या, "लो, दाल के लिए कौन आता था? आपके यहाँ बैठने आते थे. साल में यही तो एक शाम है, जिसमें कोई अपने बच्चों के नंबर नहीं सुनाता."

लीलावतीबाई हसायला लागल्या, आणि त्यांना ठसका लागला. पाणी दिलं. ठसका थांबल्यावर म्हणाल्या, "चंदू, माझंही ऐक. दात गेल्यापासून मीसुद्धा परतूनच खाते."

चंद्रप्रभाबाईंनी आधी प्लास्टरकडे पाहिलं, मग त्या हसल्या. आधी जरासं, मग पदर तोंडाला लावून.

जाताना निगम भाभी दारात थांबल्या. "अगले साल हमारे यहाँ रखिए. हॉल बड़ा है. हाथ ठीक हो न हो, मराठी लोग चार हों या एक, आप बस गौर लेकर आइए."

अट घालायची संधी चंद्रप्रभाबाईंना वर्षातून एकदाच मिळते, ती अशी कशी सोडायची? "आऊँगी," त्या म्हणाल्या. "लेकिन दाल कच्ची बनेगी, और आप मेरे सामने खाएँगी. एक कटोरी."

"कटोरी? भाभीजी, एक चम्मच."

"चार."

"दो. और अमिया ज़्यादा."

दोन चमचे ठरले. कैरी जास्त.