तीन हजार दोनशेंचे बूट आणि आमचा सहा नंबर

नोव्हेंबरातला दुसरा रविवार. रक्कम तीन हजार दोनशे रुपये, एका जोडाचे. हजर नववीच्या वर्गाचे एकोणतीस पालक, खेळाचे सर आणि तालुक्याहून आलेला एक दुकानदार. त्याने टेबलावर करड्या रंगाचे दोन बूट असे मांडले होते की जणू बक्षीस समारंभ आहे.

विषय होता सातपुड्यातल्या सहलीचा. दोन दिवस, चौदा किलोमीटर चाल, मुक्काम वरच्या पाड्यावरच्या शाळेत. सरांनी सांगितलं की मागच्या सहलीत एका मुलाचा पाय मुरगळला, म्हणून या वेळी डोंगराचे बूट सक्तीचे. ज्याच्याकडे नसतील तो पायथ्याला बसपाशी थांबेल. माझी मुलगीही सोबत आली होती, मागच्या बाकावरून माझ्याकडे बघत होती. डोंगर आमच्या छतावरून रोज दिसतो, पण तिने तो कधी चढलेला नाही. तिला जायचंच होतं.

मी अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं मुलांची उंची आणि वजनं मोजून रजिस्टरात भरते आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय मी कशाला मान डोलवत नाही. मी बूट हातात घेतला. जड होता. बाजूचे पालक हळूहळू नावं नोंदवायला लागले होते. मी उभी राहिले आणि विचारलं की चौदा किलोमीटरला तीन हजार दोनशे म्हणजे किलोमीटरला दोनशे अठ्ठावीस रुपये झाले, आणि वर्षभरात मुलीचा पाय वाढला की हे कोण घालणार? दुकानदार म्हणाला, जीव महत्त्वाचा की पैसा. मी म्हटलं, जीव टेबलावर मांडू नका, बुटाचं बोला.

सर चिडले नाहीत. माणूस चांगला आहे. ते म्हणाले, "ताई, जबाबदारी माझी आहे. पाय घसरला तर मला विचारणार तुम्हीच."

"मान्य. मग अट पायाची ठेवा सर. तळ ओल्या दगडावर घसरू नये, टाच हलू नये, उतारावर बोटं पुढे आदळू नयेत. किंमत अटीत कशाला?"

मी आणखी एक सांगितलं. याच वर्गात वसतिगृहात राहणारी, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावरची एक मुलगी आहे, माझ्या मुलीच्या बाकावरची. ती टायरच्या तळाच्या सँडलवर सुट्टीत घरी चढून जाते. तिला तिच्याच डोंगराच्या पायथ्याशी बसवणार का? शेवटी सर म्हणाले की पंधरा दिवसांनी तापीच्या घाटावर, ओल्या पायऱ्यांवर उतरून दाखवायचं. पायात काहीही असो, जो उतरेल तो येईल, जो घसरेल तो बसपाशी.

पुढच्या शनिवारी मी, माझे यजमान आणि मुलगी अक्कलकुव्याला गेलो. मुद्दाम तिथे, कारण जंगलात रोज फिरणारी माणसं बूट तिथून घेतात. मला हवे ते सापडले: जाड कॅनव्हासचे, घोट्यापर्यंतचे, तळाला रबराचे खोल दात. वनरक्षक घालतात ते. साडेचारशे रुपये. तिथला दुकानदार मुलीला म्हणाला, "भरती झाली का वनखात्यात?" मी तळ वाकवून पाहिला, दाराशी पडलेल्या फरशीवर पाणी ओतून तिला वरखाली चालायला लावलं. त्याने काही अडवलं नाही, उलट बादली भरून दिली.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग यजमान बोलले. "पाय वाढी ऱ्हायना तिन्हा. एक नंबर मोठा ल्या, दोन वरीस चालतीन."

आमच्याकडे पादत्राण असंच घेतात. जूनमध्ये एक नंबर मोठं घ्यायचं आणि पुढे घरच्या शेतातला कापूस कोंबायचा. मीही तसंच शाळेत गेले. मुलीला पाच नंबर बसत होता, मी सहा घेतला. घरी आल्यावर बोंडांतला मूठमूठ कापूस दोन्ही बुटांत भरला. दुसऱ्यांच्या मुलांचं माप मिलिमीटरमध्ये घेणारी मी, स्वतःच्या मुलीच्या बाबतीत अंदाजाने चालले.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या उतारावर चाचणी घेतली. चढताना ठीक. उतरताना कापूस दबून चपटा झाला, पाय पुढे सरकला आणि तिसऱ्या फेरीत तिच्या अंगठ्याचं नख जांभळं झालं. ती बसली आणि बूट काढून माझ्यापुढे ठेवले.

"माय, बूट घसरतस नही, मीच यासमा घसरस."

यजमान म्हणाले, कापूस आणखी भरा. मी म्हटलं, एक बोंडही भरणार नाही. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय फुगतो त्या वेळी, जाड मोजा घालून तिला कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीने रेघ मारली. तेवीस पूर्णांक चार सेंटिमीटर. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, बस्स. तो कागद घेऊन मी एकटीच पुन्हा अक्कलकुव्याला गेले. वापरलेले बूट दुकानदाराने परत घेतले नाहीत, आणि ते रास्तच होतं. चूक माझी होती. पाच नंबरचा दुसरा जोड विकत घेतला.

घाटावरच्या दिवशी सरांनी स्वतः पायऱ्यांवर पाणी मारलं. पाच नंबर घालून मुलगी तीन वेळा उतरली. नख अजून जांभळं होतं, पण पाय जागचा हलला नाही. वसतिगृहातली मुलगी सँडल घालून तिच्या आधी खाली पोहोचली. सरांनी अंगठ्याने तिच्या सँडलचा तळ दाबून पाहिला, टाचेचा पट्टा ओढून पाहिला आणि दोघींची नावं यादीत लिहिली. किंमत विचारली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले की मुलींबरोबर एक बाई लागणार आहे, तुम्ही एवढं बोलता तर तुम्हीच चला.

शाळा सुटल्यापासून मी कायम चपलेत. घरी येऊन त्याच पेन्सिलीने स्वतःचा पाय मोजला, चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. चोवीस पूर्णांक दोन. कोपऱ्यात पडलेले सहा नंबर उचलले, त्यातला कापूस उपसला आणि घातले. यजमान दारात उभे राहून हसले. हसू देत. चौदाच्या चौदा किलोमीटर मी त्याच बुटांत चालले, आणि उतारावर एकदाही कोणाचा हात धरला नाही.

शेवटी दिले ते असे. पहिल्या जोडाचे साडेचारशे, दुसऱ्याचे, दुकानदाराने तीस कमी करून, चारशे वीस. एकूण आठशे सत्तर रुपये, अक्कलकुव्याच्या त्या दुकानदाराला, रोख. टेबलावर करडे बूट मांडणाऱ्याला काही नाही.