मटनाला कॉफी चोळली तेव्हा

मंडळी, आज आमच्या गच्चीवर मी मटनाला चक्क कॉफी चोळली!

शेगडीवरचं मटन म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बापूंचं काम. आज मात्र मी म्हटलं, "बापू, आज मसाला माझा."

धने, जिरे, मिरे, लाल मिरच्या भाजून वाटल्या. थंड झाल्यावर त्यात कॉफी पावडर, मीठ आणि थोडा गूळ. मागं एकदा कॉफीसुद्धा तव्यावर भाजली, तर सगळं कडूजार झालं होतं.

बापू पातेल्यात डोकावले. "मटनाला कॉफी? मग दूध-साखर पण घाल की! माझं अर्धं मटन बाजूला ठेव."

ठेवलं. पण निखाऱ्यावर चॉप्स तडतडायला लागले तसे बापू जवळ सरकले. एक खाल्ला. लगेच दुसरा उचलला. मग स्वतःचं मटन पुढं केलं, "ह्याला पण चोळ."

मी पाणी आणायला खाली गेले. परत येताना बापूंचा आवाज आला. ते शेंद्रा गावी राहणाऱ्या आपल्या भावाला फोनवर सांगत होते, "आमच्या सूनबाईनं लई भारी मसाला बनवलाय. स्वतःच्या डोक्यानं! तू ये तर खरं."

फोन संपेपर्यंत मी जिन्यातच थांबले.

तुम्ही कधी स्वतःचं कौतुक असं चोरून ऐकलंय का?