तीनदा मागावं लागतं

आमच्या आत्याला लिहितावाचता येत नव्हतं, आणि गल्लीतल्या विहारात वंदना मात्र तीच द्यायची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडंच. सहा दिवस टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची आणि रविवारी सकाळी पांढरं पातळ नेसून विहारात पहिल्या चटईवर बसायची. तिनं 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणायचं, मग मागून आम्ही सगळ्यांनी. सुताची धूळ छातीत बसलेली, त्यामुळं ओळीओळीला खोकला. मला त्या खोकल्याचा लई राग यायचा.

कॉलेजात असताना मी बार्शीच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल जिंकून आले आणि डोक्यात हवा गेली. त्याच रविवारी वंदना संपल्यावर, भरल्या विहारात, मी उठून उभी राहिले.

"आत्ये, इतकी वर्षं म्हणतीस, अर्थ सांग की जरा. बुद्धानं प्रश्न विचारायला शिकवलं, आणि आपण शरण कसलं जातोय?"

दोघीतिघी पोरी फिसकन हसल्या. "मला न्हाय सांगता यायचं, बाई," आत्या म्हणाली आणि उदबत्तीची राख पुसायला लागली. काय अक्कल पाजळली होती मी! आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढच्या रविवारी ती शेवटच्या चटईवर, भिंतीला टेकून बसली. पुढं शेजारच्या मामी बसल्या. मी घरी येऊन आत्याचे पाय धरले, चुकलं म्हणाले. "बरं बरं, जेव आता, भाकरी गार व्हतीया," एवढंच बोलली. मग मी वंदनेचा अर्थ मोठ्या अक्षरांत छापून आणला. वाचता न येणाऱ्या बाईला कागद! शेवटी मीच वाचून दाखवला. "चांगलं हाय," म्हणाली, पण पुढं काही बसली नाही. रुसली म्हणावं तर तसंही नाही. माझ्या लग्नात सगळ्यात जास्त तीच नाचली.

मला सांगोल्याला शाळेत नोकरी लागली. दर शनिवारी एसटीनं सोलापूरला यायचं, रविवारी विहारात जायचं. मामींचं पाठांतर चोख, एक अक्षर इकडचं तिकडं होत नसे. पण मला ते नको होतं. मला खोकल्यासकट आत्या हवी होती. शाळेत पोरं प्रार्थनेला रांगेत उभी राहिली की तिचा आवाज आठवून नाक पुसावं लागायचं, आणि पोरांना वाटायचं बाईंना सर्दी झालीय.

गेल्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. एका रविवारी मी विहारात गेलेच नाही, तिच्या खाटेशी बसले.

"आत्ये, एकदा म्हण की माझ्यासाठी."

ती हसली. "अशी न्हाय म्हनायची. मागावं लागतं. तीनदा."

खरंच की! वंदनेच्या सुरुवातीला हात जोडून, देणाऱ्याकडं तीनदा सरण मागायचं असतं, म्हणजे शरण जायच्या ओळी. इतकी वर्षं ती ओळ मी नुसती पुटपुटत आले होते.

"तू मापी मागितलीस," ती म्हणाली, "कागद आनलास. सरण कुटं मागितलंस? न मागता देत नसत्यात."

"आणि मी मागितलंच नसतं तर?"

"मागशील, म्हाईत व्हतं." थोडा दम खाऊन म्हणाली, "अर्थ इचारला व्हतास न्हवं? ल्हानपनी गावात आई सारकी हाताला धरून मागं वढायची. हितं जाऊ नगं, तितं शिवू नगं. ह्यात म्हनायचं, मी जाते. आन जायचं. कुनी आडवत न्हाय. मला येवडंच कळलं."

मी खाली फरशीवर बसले, हात जोडले आणि मागितलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा रडू आवरलं नाही.

तिनं सुरुवात केली. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला दम पुरेना, तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता तू म्हन. मी मागनं म्हनते." मी एकेक ओळ म्हटली, तिचा खोकला संपेपर्यंत थांबले, मग तिनं म्हटली. घाई नव्हती मला कसली.

पुढच्या रविवारपर्यंत ती राहिली नाही.

आता मामींनी मलाच पहिल्या चटईवर बसवलंय. बायका माझ्याकडं सरण मागतात, मी देते. ओळ म्हणून झाली की मी थांबते. सगळ्या मागून म्हणतात, आणि म्हणून झालं तरी मी आणखी जरा थांबते. एखादी बाई हळूच म्हणते, "म्हना की पुढं." मग म्हणते.