आबांचा पाय आणि ब्रेकची डबी

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी विलायती आणि वयानं माझ्यापेक्षा मोठी. नव्वदच्या दशकात तिचा एक भाग धड बाजारात मिळत नव्हता. पण आमचं वर्कशॉप उद्यमनगरात, आणि तिथल्या माणसाला ‘मिळत नाही’ हे ऐकायची सवय नाही. नसेल ते लेथवर करायचं, नाहीतर जवळपासचं काहीतरी बसवायचं. याच मस्तीत एकदा ब्रेकच्या डबीतलं फ्लुइड खाली गेलेलं दिसलं, तेव्हा मी तिच्यात आमच्या प्रेसचं हायड्रॉलिक तेल ओतलं. तिथं दाब, इथंही दाबच, एवढी माझी अक्कल.

महिन्याभरानं गडमुडशिंगीहून येताना आबांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ उभ्या ट्रॉलीला जाऊन भिडली. वेग नव्हता, बंपर तेवढा चेपला. पण घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढं ठेवली.

‘‘पाय येळेवर पोचला न्हाई. आता तूच चालीव.’’

सत्तरीचा माणूस, गुडघा आधीच धरलेला. कुणालाच शंका आली नाही, मलासुद्धा.

बंपर सरळ करायला गाडी मिस्त्रीकडं नेली, तर पेडल नुसतंच खाली जातंय म्हणून त्यानं ब्रेकही खोलले. आतली रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टरारून फुगलेली, एक तर फाटलेलंच. त्यानं डबीतलं थोडं ग्लासभर पाण्यात ओतलं. तेलाचा तवंग वर आला.

‘‘ब्रेक फ्लुइड असतं तर पाण्यात मिसळलं असतं. कुठल्या शाण्यानं तेल घातलं वो ह्यात? ह्या गाडीला साधं डॉट थ्री फ्लुइड लागतंय, तेलानं रबरं मरत्यात!’’

तो शहाणा त्याच्या शेजारीच उभा होता.

सगळ्या नळ्या धुऊन, नवी रबरं आणि डॉट थ्री घालून गाडी ठणठणीत झाली. मी घरी काही बोललो नाही. लाज वाटत होती, दुसरं काय! आबा रोज सकाळी गाडी पुसायचे आणि निमूट मागच्या सीटवर जाऊन बसायचे. आठव्या दिवशी मला ते बघवेना. गाडी सुरू करायच्या आधी मागं वळून सगळं सांगून टाकलं.

शिवी येणार म्हणून मी तयारीत होतो.

‘‘म्हंजे पाय येळेवर पोचलता?’’

‘‘पोचलता, आबा.’’

‘‘आन् आठ दिस मी त्येला शिव्या घालतोय!’’

गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला. मग खाली उतरून ते माझ्या दारापाशी आले. किल्ली मागितली नाही, हातातून काढूनच घेतली.