चंदनाच्या वासाचा धूर

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात विडीला हात लावला नाही. छातीचा फोटो उजेडाला धरून डॉक्टरांनी "किती वर्षांपासून पिता?" असं विचारलं, तेव्हा मला इतका संताप आला की मी खुर्चीवरून उठलेच. हे मात्र शांतपणे म्हणाले, "पीत नाही जी. धूर बनवतो."

बनवायचे ते खरंच. नागपुरात लग्नाच्या डेकोरेशनचा आमचा धंदा. नवरी हॉलमध्ये शिरते तेव्हा तिच्या पायाशी पांढरा ढग सोडतात, तो मशीनमधून निघतो आणि त्या मशीनला एक पातळ द्रव लागतो. बाजारातला ह्यांना कधी पसंत पडला नाही. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणायचं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणायचं आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पातेल्यात घोटत बसायचं. इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. माझं पातेलं तेवढं कामातून गेलं.

पण हौसेला मोल नाही म्हणतात. "नुसत्या धुराले दवाखान्याचा वास येते वं," एक दिवस म्हणाले, "शुभ कामात बरं नाही वाटत." म्हणून त्यात चंदनाचं तेल घालायला लागले. तेल पाण्यावर तरंगायचं, मग मशीनमध्ये ओतण्याआधी कॅन गदागदा हलवायचे. नवा कॅन झाला की त्याची परीक्षा मागच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, कारण वारा लागला की ढग फाटतो. त्या धुरात उभं राहून हे लांब श्वास घ्यायचे. "चंदन किती पडलं ते नाकाले समजते, डोयाले नाही," म्हणायचे. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडे काय, रोजच पूजा. मीही मिरवून घ्यायचे.

मग खोकला सुरू झाला. पुढे जिना चढताना मध्येच थांबणं आलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेलाचे बारीक कण वाफेबरोबर आत जातात आणि तिथेच ठाण मांडतात. जेवढं फुप्फुस आकसलं तेवढं आता फुलणार नाही. परतताना ऑटोत हे म्हणतात, "पण अस्सल चंदनाचं तेल होतं ते."

"सुरी सोन्याची असली म्हणून कोणी उरात खुपसून घेते काय?" मी म्हटलं. ते हसायला गेले आणि खोकल्यानं दुमडले. पुढे घर येईपर्यंत मी त्यांची पाठ चोळत बसले.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आलेलं होतं. धुराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ह्यांनी काय काढावं? तिची एन्ट्री धुरातूनच व्हायची.

"बाबा, मले धूर नाही पायजे," मुलगी म्हणाली. "मले तुमी पायजे मंडपात."

"जिंदगीभर लोकाइच्या पोरी ढगातून आणल्या. माही पोरगी काय तशीच येईन?"

"तुमाले दम लागून राहिला, अन् धूर कायचा मांगता?" मी ओरडले.

"मी बाहीर बसतो ना."

जेवणाचं ताट सरकवून बसले. माणूस आधीच उरला होता मूठभर. आधी मुलगी नमली, मग मी. नाकात नळी घालून हे खुर्चीवरून सांगत गेले आणि पातेल्यात मी घोटत गेले. तेलाची बाटली मी घरातून केव्हाच फेकली होती.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या गेटजवळ गाडीत, सिलिंडरशेजारी त्यांना बसवलं. त्यांनी माझा हात धरला. "तू आत जाय. नीट पाय, अन् मले सांग."

मी वाटेच्या अगदी कडेला उभी राहिले. मशीनवर ह्यांचाच जुना कारागीर होता. मालकाची पोरगी म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही. दार उघडलं, सनई वाजली आणि ढग छातीपर्यंत चढला, मग डोक्यावरून गेला. माझी मुलगी माझ्यासमोरून गेली आणि मला दिसली नाही. बांगड्या तेवढ्या ऐकू आल्या. धूर विरला तेव्हा ती स्टेजवर पोचलेली होती.

बाहेर आले तर हे काच खाली करून वाटच पाहत होते. "कशी दिसून राहिली होती वं?"

"लक्ष्मीसारखी," मी म्हटलं. "ढगावरून चालत आली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

पुढे व्हिडिओ आला. त्यातही तेवढा भाग नुसता पांढरा. ह्यांनी तो एकदाच पाहिला आणि मोबाइल परत दिला. "तूच सांग," म्हणाले.

पावसाळा सरेपर्यंत ते होते. रोज विचारायचे आणि रोज मी सांगायचे. कधी तिची मान खाली होती, कधी ती हसत होती, कधी शालूचा पदर सावरत होती. शेवटी शेवटी तर मी सांगायला लागले की ती दारातच थांबली होती, आणि एवढ्या गर्दीत तुम्हालाच शोधत होती. तेवढं बहुतेक खरं असावं.