डाव्या कोपऱ्यातलं बटण

पुस्तकांची प्रुफं तपासणारी आत्या जितकी काटेकोर, तितकीच हट्टी. तिचा विंडोजचा लॅपटॉप आचके देऊ लागला, तेव्हा भाचीने आपला जुना मॅक तिच्यापुढे ठेवला. "आठ दिवस वापरून बघ. नाही जमला तर विंडोजचाच नवा आणू."

"या वयात मला नाचवू नकोस," आत्या कुरकुरली. फाइल बंद करायला तिने सवयीने उजव्या कोपऱ्यात फुली शोधली. तिथे काहीच नव्हतं. "हे मेलं बंद कुठून करायचं?"

"डावीकडे, वर. ते लाल बटण."

आत्या थबकली. ती डावरी. लहानपणी डाव्या हातात पेन्सिल दिसली की आई त्या हातावर पट्टी मारायची आणि वर म्हणायची, "जित्याची खोड!" पुढे कात्र्या, बाकं, दाराच्या कड्या, सगळंच उजव्यांसाठी केलेलं, तिने मुकाट्याने जुळवून घेतलं.

तिने डाव्या हाताने फाइल बंद केली. उघडली. पुन्हा बंद केली.

"मग आठ दिवसांनी सांगतेस ना?" भाचीने विचारलं.

"आठ दिवस कशाला? राहू दे हा." आत्या त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. "आज आई हवी होती गं. तिला दाखवलं असतं."